बिनफ्लॅशचे फोटो

इंदापुरात एसटी स्टँडसमोरच्या ओळीत आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढं माझा नवरा फोटो काढायचा आणि मागं, पडद्याआड, मी ते धुवायचे. गिऱ्हाईकं ‘धुवायचे’ असंच म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दिवसाचा निम्मा वेळ माझे हात पाण्यातच असत. लग्न होऊन कऱ्हाटीहून इथं आले तेव्हा माझी बारावी सायन्स झालेली होती. बाटल्यांवरची रसायनांची नावं हिला वाचता येतात, एवढ्या भांडवलावर नवऱ्यानं मला डार्करूममध्ये नेलं. पुढं ती खोली माझीच झाली.

नव्वदनंतर लग्नांचे रोल रंगीत झाले आणि ते धुवायला पुण्याला जाऊ लागले. माझ्याकडं उरले ते काळे-पांढरे: शाळेच्या फॉर्मचे, नोकरीच्या अर्जाचे, एखाद्या बातमीदाराचे. काम कमी झालं होतं, पण बंद झालं नव्हतं.

त्याच सुमारास बारामतीच्या एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा इंदापुरात यायच्या. गावोगावच्या सुइणींना बोलावून त्या शिबिर घेत. हात कसे धुवायचे, नाळ कशी बांधायची, बाई कधी दवाखान्यात पाठवायची, असं शिकवत. एकदा त्या कसल्याशा अर्जासाठी फोटो काढायला आमच्याकडं आल्या. मी ओले हात पदराला पुसत बाहेर आले, तेव्हा त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

“तुम्ही पण फोटो काढता?”

“ती धुते,” नवरा म्हणाला. “काढतो मी.”

“मला बाईच हवी आहे.” त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. “एका बाळंतपणाचे फोटो काढायचेत. कळा सुरू झाल्यापासून नाळ कापेपर्यंत. शिबिरात मी चित्रं दाखवते, तर सुइणी हसतात. म्हणतात, असं कुठं असतंय व्हय? खरे फोटो असले की हसणार नाहीत.”

“हिनं कॅमेरा हातात धरलेला नाही,” नवरा म्हणाला.

“शिकवा की मग. तुमचीच बायको आहे.”

नवरा स्वभावानं भांडखोर नव्हता. मला कुणी विचारलंच नव्हतं, पण मी नाहीही म्हटलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, फ्लॅश चालणार नाही. बाई दचकते, आणि जन्मल्याबरोबर बाळाच्या डोळ्यांवर असला उजेड मारायला त्यांचं मन घेत नव्हतं. दुसरं, फोटो रंगीत नकोत.

“रक्त लाल दिसलं की बाया दुसरं काही बघत नाहीत,” त्या म्हणाल्या. “काळं दिसलं तर हातांकडं बघतील.”

त्या गेल्यावर नवरा बराच वेळ कॅमेऱ्याचं झाकण उघडत-मिटत बसला. मग म्हणाला, “फास्ट फिल्म लागंल.”

फिल्मचा वेग म्हणजे काय, हे मला पुस्तकी माहीत होतं. साध्या फिल्मला भरपूर उजेड लागतो. खोलीतल्या उजेडात तिच्यावर फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्यातला पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचं माणूस हललं की फोटो पुसल्यासारखा येतो. बाळंत होणारी बाई काही फॉर्मच्या फोटोसारखी स्थिर बसणार नव्हती. फास्ट फिल्म थोड्या उजेडातही पटकन पकडते. त्याच्या बदल्यात चित्र रवाळ होतं, आणि धुताना ती फार लाड मागते. असली फिल्म इंदापुरात कुणी बघितलेली नव्हती. नवऱ्यानं पुण्याच्या एका दुकानात सांगून ठेवलं आणि दुसऱ्या खेपेला रोल घेऊन आला. आल्याबरोबर मी ते पिशवीत घालून माठाशेजारी ठेवले, कारण उन्हाळा लागला होता आणि उष्म्यानं फिल्म आपोआप काळवंडते.

मग माझं शिक्षण सुरू झालं. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा नवरा मला स्वयंपाकघरात उभं करायचा. खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. मी समोर दिसेल त्याचे फोटो काढायचे: पाट्यावर चटणी वाटणाऱ्या शेजारणीचे, कऱ्हाटीहून राहायला आलेल्या आईचे, भाकरीचं पीठ मळताना. नवरा मागं उभा राहून एकच गोष्ट सांगायचा. “हात अंगाला चिकटव. श्वास सोड, मग दाब.” कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारी एक सुई हलायची, ती मधोमध आणायची. ते लवकर जमलं. अवघड होतं ते पुढचं.

कागदावर फोटो छापताना लाल दिवा चालतो. ज्यांनी डार्करूम चित्रातच बघितली आहे त्यांना तो लाल उजेडच आठवतो. फिल्म धुताना मात्र तोही चालत नाही. मिट्ट काळोख लागतो. मी दाराच्या फटीला गोधडी लावायचे आणि डोळ्यांपुढं धरलेला हात दिसेनासा झाला की रोल उघडायचे. फिल्म एका गोल रिळावर चाचपत गुंडाळायची, तिचा एक पदर दुसऱ्याला चिकटू द्यायचा नाही, मग रीळ डब्यात ठेवून झाकण घट्ट लावायचं. एवढं झालं की दिवा लावता येतो. मग डब्यात एकेक रसायन ओतायचं, हलवायचं, काढून टाकायचं. फास्ट फिल्मला पहिल्या रसायनात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, जास्त वेळ ठेवावं लागतं. आणि ते रसायन गार पाहिजे. आमच्या नळाचं पाणी त्या दिवसांत चहा करायला अर्धी मेहनत वाचेल असं यायचं.

म्हणून मी बाजारातून बर्फाचा तुकडा आणून परातीत ठेवला आणि त्यात डेव्हलपरची बाटली बुडवली. पहिला रोल तसा धुतला. डेव्हलपर गार होता, पण नंतर फिल्म धुतली ती नळाच्या पाण्यात. वाळल्यावर बघते तर फिल्मवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा. शेजारणीच्या तोंडावर, पाट्यावर, भिंतीवर, सगळीकडं बारीक जाळी. गारातून एकदम उन्हात आणल्यासारखं झालं होतं. पुढच्या वेळी सगळंच पाणी माठातलं घेतलं, सगळ्यात बर्फ फिरवला. जाळी गेली, पण चित्र फिकं आलं, कारण घाबरून मी डेव्हलपर लवकर ओतून टाकला होता. असं करत करत एकदा आईचे पिठाचे हात नीट उमटले. बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा. दाणा होता, रव्यासारखा, पण हात हात दिसत होते.

आई तो फोटो बघून म्हणाली, “चांगला आलाय. पर हे सगळं कशापायी?”

तोवर तिला मी सांगितलं नव्हतं. बाळंतपणाचं ऐकून तिचा चेहरा उतरला.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, कऱ्हाटीत बाळंतपणं करायची. बोलावणं यायचं ते मागच्या दारानं. नाळ कापायची, सगळी घाण उचलून पुरायची, कपडे ओढ्यावर न्यायचे. आणि बाळाला आंघोळ घालून झाली की त्याच घरात तिला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेत नसत. आमच्या लोकांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा आजोबांनी सांगितलं, हे आता बंद. आजीनं बंद केलं. माझे वडील नोकरीला लागले, आम्ही शिकलो. घरात या गोष्टीचा उल्लेखही फारसा होत नसे.

“आमी सोडलं त्ये,” आई म्हणाली, “आन तू पुन्हा तिकडंच चाललीस?”

“मी फोटो काढायला चाललेय, आई.”

“खोली तीच की.”

मी कॅमेरा पुसत राहिले. आई दुसऱ्या दिवशी कऱ्हाटीला निघून गेली, रागानं नाही, पण जाताना नेहमीसारखं ‘येते’ म्हणाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी जिचं बाळंतपण ठरवलं होतं, ती लासुर्ण्याची होती. तिची आणि माझी गाठ त्यांनी बारामतीच्या दवाखान्यात घालून दिली. वयानं माझ्याएवढीच, बालवाडीत शिकवणारी, तोंडानं धीट. पोट पुढं आलेलं, तरी बाकावर ताठ बसली होती. तिच्यापासून एक जागा सोडून तिची सासू बसली होती. सासू लासुर्ण्यातली जाणती सुईण. आमच्या आजीसारखी मागच्या दारानं जाणारी नव्हे. शेतकऱ्याच्या घरातली, भावकीत आणि वस्तीवर बोलावणं आलं की मान राखून नेली जाणारी. सुनेला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही माहेरी न जाता ती सासरीच राहिली होती. सासूनं गृहीत धरलं होतं की हे बाळंतपण आपणच करायचं. पण सुनेनं साफ सांगितलं, मी दवाखान्यात जाणार. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. मुलगा साखर कारखान्यात कामाला, तो मधे पडत नसे.

बोलणं बंद म्हणजे अगदीच बंद नव्हतं. ते दुसऱ्याच्या अंगावरून जायचं.

“मॅडम,” सून म्हणाली, “ह्यांना सांगा, मी घरनं पानी पिऊन निघालेय. सारखा तांब्या पुढं करू नका म्हनावं.”

“डाक्टरीनबाय, तिला सांगा,” सासू म्हणाली, “उनाचं दीस हायत. मला काय, तहान तिला लागंल.”

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडं बघितलं आणि फोटोचं बोलायला लागल्या. चेहरा येणार नाही याची काळजी घेऊ, असं त्यांनी सुनेला सांगितलं.

“का? यिऊ द्या की,” ती म्हणाली. “त्वांड न्हाय तर त्यो फोटो माझा कसा?”

“लाज इकून खाल्ली,” सासू खिडकीकडं बघत म्हणाली.

मी तिला विचारलं, “मावशी, खोलीत तुम्हीही असणार. तुमचा फोटो आला तर चालेल?”

“माझा कशाला येतुया? मी कोपऱ्यात बसनार. मला कुठं हात लावू देनार हायत हितं.”

असं ठरलं. पुढं बरेच दिवस काही झालं नाही. कॅमेऱ्यात रोल भरून ठेवला होता. मी घरात वावरतानाही शेजारच्या मेडिकलच्या दुकानातला फोन वाजला की कान टवकारायचे, कारण निरोप तिथंच येणार होता.

निरोप आला तो एका सकाळी. मी पिशवी उचलली आणि बारामतीची एसटी धरली. लासुर्णे मागं पडलं तेव्हा मला वाटलं, ती याच रस्त्यानं पहाटे गेली असेल. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना लहानच होता. बाळंतपणाची खोली पूर्वेच्या बाजूची, खिडकीच्या खालच्या काचांना पांढरा रंग दिलेला, वरच्या काचांतून ऊन समोरच्या भिंतीवर पडलेलं. मी सुई बघितली. उजेड पुरेसा होता. फास्ट फिल्म नसती तर तो पुरला नसता.

ती टेबलावर होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. सासू ठरल्याप्रमाणं कोपऱ्यात लोखंडी स्टुलावर. दोन्ही हात मांडीत घट्ट. मी आत आले तर तिनं माझ्या हातांकडं आणि मग कॅमेऱ्याकडं बघितलं.

मला पुढच्या वेळेचं नीट सलग आठवत नाही. मी खिडकीतून बघावं तसं त्या लहान चौकटीतून बघत होते, त्यामुळं जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. डॉक्टरीणबाईंचे हातमोजे. नर्सच्या हातातलं पातेलं, त्यातली वाफ. टेबलाच्या कडेला धरलेली तिची मूठ. डॉक्टरीणबाई मधूनच मला सांगत, “हे घ्या. आता माझ्या खांद्यावरून घ्या.” मी घ्यायचे. खटका पडल्याचा आवाज मला फार मोठा वाटायचा, पण बाकी कुणाला तो ऐकू येत नसावा. फ्लॅश नसल्यामुळं थोड्या वेळानं त्या खोलीला माझा विसर पडला. स्टुडिओत माणूस फोटो निघायच्या आधी चेहरा बांधतं. इथं कुणी काही बांधलं नव्हतं.

बाळाचं डोकं आलं. पाठोपाठ अंग. मानेभोवती नाळेचा वेढा होता, तो डॉक्टरीणबाईंनी चटकन सोडवला. नाळ बांधली, कापली. मी ते सगळं घेतलं. मग मला जाणवलं की खोलीत आवाज नाही.

बाळ रडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूच्या छोट्या टेबलावर ठेवलं आणि नळीनं तोंडातला चिकटा ओढायला लागल्या. नर्स फडक्यानं त्याची पाठ चोळत होती. दोघींच्या पाठी माझ्याकडं. मधून एक जांभळट पाय दिसत होता, तो हलत नव्हता. माझं काम त्या पायाचा फोटो घेणं होतं. बाळ रडलं नाही तर काय करायचं, सुइणींना नेमकं तेच दाखवायचं होतं. मला बघवेना. मी कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून उलट्या बाजूला वळले.

चौकटीत सासू आली. ती स्टुलावरून कधी उठली, मला कळलं नव्हतं. सुनेच्या उशाशी ती उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि तिनं आपल्या दोन्ही तळव्यांनी सुनेचे कान गच्च झाकले होते. सुनेचे डोळे ग्लानीनं मिटलेले. सासूचे डोळे उघडे, त्या छोट्या टेबलावर खिळलेले. तोंड अर्धवट उघडं, खालचा ओठ सुटलेला. गावातल्या इतक्या बाळंतपणांना जिनं हात लावला, तिच्या चेहऱ्यावर एखाद्या पोरीसारखी भीती होती. मी खटका दाबला. फिल्म पुढं सरकवली, पुन्हा दाबला.

मग मागून एक बारीकसा आवाज आला, खोकल्यासारखा, आणि त्यातून रडणं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हं. रड बाबा, रड.”

मी वळले आणि पुढचे फोटो घ्यायला लागले. पुन्हा त्या कोपऱ्याकडं बघितलं तेव्हा सासू स्टुलावर बसलेली, डोक्यावर पदर, हात मांडीत. मुलगा झाला होता. सुनेनं डोळे उघडून नर्सला विचारलं, “रडला का? मला ऐकूच आलं न्हाय. कानात दडं बसल्यागत झालं हुतं.”

“रडला की,” नर्स म्हणाली. “चांगला रडला.”

फिल्म मी दुसऱ्या दिवशी सकाळी धुतली, पाणी त्यातल्या त्यात गार असतं म्हणून. नवरा म्हणाला, “मी करू का? जागून डोळे सुजलेत तुझे.”

“अंधारात कुणाला दिसतंय,” मी म्हटलं आणि दाराला गोधडी लावली.

काळोखात फिल्म रिळावर चढवताना ती दोनदा अडकली. ओढली असती तर फाटली असती. मी थांबले, बोटं पदराला पुसली, पुन्हा टोक शोधलं. तेव्हा पहिल्यांदा मला घाम फुटला. दवाखान्यात फुटला नव्हता. कालचं सगळं त्या एका पट्टीवर होतं आणि ते दुसऱ्यांदा होणार नव्हतं. शेवटी चढली. डब्याचं झाकण लावून मी दार उघडलं, तेव्हा नवरा बाहेर घड्याळ घेऊन उभा होता. तो वेळ बघत राहिला आणि मी डबा हलवत राहिले.

धुतलेली फिल्म उजेडासमोर धरली तर सगळं होतं. निगेटिव्हमध्ये उलटं दिसतं. खिडकी काळी, घामानं भिजलेले केस पांढरे. सासूचे हात सुनेच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या ठशांसारखे. नवऱ्यानं भिंगातून एकेक बघितलं. त्या दोन फोटोंपाशी तो थांबला.

“हे कुणी सांगितलं घ्यायला?”

“कुणी नाही.”

“हं,” तो म्हणाला आणि फिल्म माझ्या हातात परत दिली. तो फार स्तुती करणारा नव्हता. पण त्यानंतर गिऱ्हाइकांना ‘ती धुते’ असं सांगायचं त्यानं बंद केलं.

मी फोटो छापत होते त्या आठवड्यात आई पुन्हा आली. तारेवर वाळत घातलेले कागद तिनं बघितले. नाळ कापतानाच्या फोटोपुढं मात्र बराच वेळ उभी राहिली. हातमोजे घातलेले हात, चिमटा, कात्री.

“डाक्टरीन कुनाची?” तिनं विचारलं.

मी आडनाव सांगितलं. त्यावरून जात कळण्यासारखी होती, वरची. आई हसली, पदर तोंडाला लावून.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता त्यास्नी करू द्या.”

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि त्या वेळी जाताना ‘येते’ म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी शिबिरासाठी फोटो निवडले, मोठे करून घेतले, पुठ्ठ्यावर चिकटवले. कान झाकल्याचा फोटो त्यांनी बाजूला ठेवला. “फोटो सुंदर आहे, पण यातून काही शिकवता येत नाही,” त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. जांभळ्या पायाचा फोटो नाही म्हणून त्या थोड्या नाराज झाल्या. ‘नीट निघाला नाही’ असं मी सांगितलं नाही. घेतलाच नाही, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विषय सोडला.

पुढच्या शिबिराला लासुर्ण्याची सासूही आली होती. पुठ्ठे भिंतीला टेकून उभे केले होते आणि सुइणी त्यांच्यापुढं बसून खरंच हातांकडं बघत होत्या. कुणी हसलं नाही. जेवणाच्या वेळी मी तिला बाजूला बोलावलं आणि पिशवीतून कान झाकल्याचा फोटो काढून दाखवला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला.

“ही मी न्हाय,” ती म्हणाली.

“तुम्हीच आहात, मावशी.”

“तवा तर कुनी फोटू काढला न्हाय. उजेड कुठं पडला?”

मी तिला फ्लॅश न वापरताही फोटो निघतो, हे सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत नव्हती. फोटोतल्या स्वतःच्या तोंडाकडं बघत होती.

“किती भ्यालीय बघा,” ती म्हणाली, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशी. मग फोटो माझ्या हातात कोंबला. “सुनंला दावू नगा.”

“का?”

“तिला वाटंल, सासूला काय येत न्हाय, नुसती भिती. आधीच तिला माझा भरुसा न्हाय.”

मी बरं म्हटलं. फोटो पिशवीत ठेवला. तो काही माझा एकटीचा नव्हता, त्यामुळं कुणाला दाखवायचा हे मी एकटीनं ठरवणं बरोबर नव्हतं.

पावसाळा संपता संपता एका बाजारच्या दिवशी सासू-सून दोघीच स्टुडिओत आल्या. बाळाचा फोटो काढायचा होता. बाळ गुटगुटीत झालं होतं, काजळाची तीट लावलेलं, आणि ते सासूच्या खांद्यावर होतं. दोघी अजून आडूनच बोलत होत्या. नवरा आत पडदा लावत होता तेव्हा सून मला म्हणाली, “तायी, माझ्या तोंडाचे फोटो कुठंयत? मॅडमनी भिंतीवर नुसतंच हात लावल्यात. मला बघायचंय, मी कशी दिसत हुते.”

तिचा हक्क होता. मी पाकीट काढलं. वरून एकेक करून तिचे फोटो देत गेले: मूठ आवळलेली, दात दाबलेले, एकात तर चक्क डॉक्टरीणबाईंवर ओरडताना. ती हसायला लागली. “आगं बया, ही तर राक्षसीन!” मग पाकिटात अजून काही उरलंय हे तिच्या लक्षात आलं. “त्यो कसला?”

मी सासूकडं बघितलं. ती दुकानाच्या दारात उभी होती, तोंड रस्त्याकडं, बाळाची पाठ थोपटत. तिनं मान वळवली नाही.

“दावा की,” ती म्हणाली. “आता काय. पोरगं तर चांगलं हाय.”

मी फोटो दिला. सून हसत होती ती थांबली. फोटोत तिचे डोळे मिटलेले, कानांवर दुसऱ्याचे हात. हात कुणाचे हे ओळखायला तिला वेळ लागला असावा, कारण तिनं आधी हातातल्या पाटल्या बघितल्या आणि मग वरचं तोंड.

“माझं कान का झाकलंत?” ती म्हणाली. मधे ना डॉक्टरीणबाई होत्या ना मी. सरळ सासूला विचारलं.

“प्वॉर रडत न्हवतं.”

“कुनाचं?”

“कुनाचं म्हंजी? ह्येच की.” सासूनं खांद्यावरच्या बाळाकडं हनुवटी केली. “रडत न्हवतं. तू तसंच ऐकत ऱ्हायली असतीस. हातपाय गाळलं असतंस. मला दुसरं काय कराय येत हुतं तितं?”

सून खाली स्टुलावर बसली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नर्सनं नाही, डॉक्टरीणबाईंनी नाही. इतके महिने तिला वाटत होतं की आपले कान गेले होते.

“मला वाटलं, मीच बहिरी झाले हुते,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “आत्या, तुमी आधी का न्हाय सांगितलं?”

“कवा सांगू? बोलत हुतीस का तू?”

नवरा पडदा सारून बाहेर आला आणि दोघींकडं बघून तिथंच थांबला. बाळानं सासूच्या नाकातली नथ धरली तेव्हा ती “आरं आरं” करत आत वळली, आणि सुनेनं उठून त्याची मूठ सोडवली. कुणी रडलंबिडलं नाही. मला तरी तसं आठवत नाही.

“याच्यासारखाच काढू का बाळाचा?” मी विचारलं. “काळा-पांढरा?”

“नगं बाई,” सासू म्हणाली. “रंगीत काढा. त्याचं झबलं लाल हाय.”

मग रंगीत काढला. फ्लॅशसह. पहिल्याच झोतात बाळानं डोळे मिटले, दुसऱ्यात सासूनं, आणि तिसरा कुठं बरा आला. जाताना सुनेनं आपले राक्षसिणीचे फोटो घेतले आणि कानांचा फोटो बाळाच्या दुपट्यात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवला. सासू म्हणाली, “चुरगाळंल,” आणि तो काढून स्वतःच्या पोलक्यात ठेवला. बाजाराची गर्दी होती. स्टँडच्या दिशेनं दोघी गेल्या, सून पुढं, सासू बाळाला घेऊन मागं, आणि जाता जाता काहीतरी बोलत होत्या. काय ते इथून ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी आणखी काही बाळंतपणांचे फोटो माझ्याकडून काढून घेतले. त्यांत एकदा मी पायाचा फोटोही घेतला. ते बाळ वाचलं नाही. तो फोटो शिबिरात लावला होता. फास्ट फिल्म मिळणं पुढं कठीण झालं, मग दुकानदारानं ती मागवणंच बंद केलं. डार्करूममध्ये आम्ही रंगीत फोटोंचे अल्बम आणि लग्नाच्या व्हिडिओच्या कॅसेटी ठेवायला लागलो. पण कॅमेरा मी सोडला नाही. लग्नात बायकांच्या खोलीत, हळदीला, ओटी भरताना, जिथं पुरुष फोटोग्राफर गेला की सगळ्या गप्प होतात, तिथं मी जायला लागले. रंगीत फिल्मला फ्लॅश लागतोच. मी तो छताकडं वळवून उडवायचे, म्हणजे कुणाच्या थेट डोळ्यांवर येत नसे. तरी बायका दचकायच्या, आणि मग हसायच्या.